पद्मजाबाईंचा चौथा ब्रेक

पद्मजा राजाध्यक्ष यांच्या उजव्या पायाबद्दल सोसायटीतल्या प्रत्येकाचं मत होतं. फक्त पद्मजाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

अंधेरी पूर्वेला महाकाली रोडवरून आत वळलं की चढावर ही तीन इमारतींची सोसायटी. पार्किंग वरच्या अंगाला आणि गेट उताराच्या पायथ्याशी. त्या गेटच्या डाव्या खांबाला मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता बाईंच्या फियाटनं धडक दिली. धडक तरी कसली, माणूस चालतो त्या वेगानं गाडी खांबाला जाऊन भिडली. खांबाचा पोपडा उडाला, बंपर आत गेला, वॉचमनचा चहा त्याच्याच पँटवर सांडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गुरुवारी दाराच्या फटीतून सोसायटीचं पत्र आत सरकलं. ‘चालिकेच्या शारीरिक असमर्थतेमुळे घडलेला अपघात लक्षात घेता, रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी आपण यापुढे आवारात वाहन चालवू नये.’ खाली तीन सह्या होत्या. पहिली सेक्रेटरींची, ज्यांना अख्खी सोसायटी भाऊ म्हणते. दुसरी कुणा खजिनदाराची. आणि तिसरी कमिटीवरच्या देवव्रतची.

देवव्रत म्हणजे बाईंचा सख्खा भाचा. वरच्याच मजल्यावर राहतो. लहानपणी याच फियाटमध्ये पुढच्या सीटवर उभा राहून पोंपों करायचा. ती सही बघून बाईंना जे वाटलं ते खांबाला धडकताना वाटलं नव्हतं. परक्यानं चार गोष्टी लिहिल्या तर माणूस झटकून टाकतो. घरच्यानं खाली सही केली की ते खरं वाटायला लागतं.

देवव्रत संध्याकाळी आला. गाडी बंपरच्या कामाला मालाडच्या गॅरेजमध्ये पोचवून आलो म्हणाला. चावी मात्र त्यानं टेबलावर ठेवली नाही.

“आत्या, काही दिवस माझ्याकडेच राहू दे.”

“काही म्हणजे किती?”

“तू बासष्ट वर्षांची आहेस गं. पायाचं पण बघायला हवं ना आता. कुठे जायचं असेल तर मला सांग, मी सोडतो. नाहीतर ओला, उबर काय कमी आहेत?”

“पायाचं काय बघायचंय?”

त्यावर त्यानं चावी खिशात टाकली. 

त्या पायाचं सांगायचं तर बाईंना दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय धडधाकट राहिला, उजवा गुडघ्याखाली वाळला. शाळेत लोखंडी पट्ट्यांचा बूट होता. पुढे तोही सुटला आणि बाई आपल्या लयीत चालायला शिकल्या. महापालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढायची नोकरी लागली, ती चौतीस वर्षं केली. लग्न केलं नाही. “सांगून आलेली सगळी मुलं आधी माझ्या पायाकडे बघायची. मग मी पण त्यांच्या टकलाकडे बघायला लागले,” असं त्या हसून सांगतात. पण जे दोघं-तिघं आले त्यांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.

फियाट त्यांच्या वडिलांची, अण्णांची. बाई एकतिसाव्या वर्षी म्हणाल्या, मला गाडी शिकायची आहे. अण्णांनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी घेऊन थेट वाकोल्याला भीमराज सोनवणेकडे गेले. फियाटचं गियर स्टिअरिंगपाशी, हातानं टाकायचं. क्लचला डावा पाय होताच. प्रश्न ब्रेकचा होता. जुन्या फियाटचा ब्रेक दाबायला पैलवानाची मांडी लागायची.

भीमराज मूळचा बीडकडचा. वाकोल्याच्या नाल्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. तो शाळेत फार गेला नव्हता, पण इंजिन त्याला तोंडपाठ होतं. त्यानं एका दुसऱ्या गाडीचा बूस्टर आणून फियाटला बसवला. बूस्टर म्हणजे पातेल्याएवढा एक बंद डबा. इंजिन चालताना हवा आत ओढतं. ती ओढ एका नळीनं या डब्यापर्यंत आणायची आणि पेडलवर नुसता पाय ठेवला की त्या ओढीनं ब्रेकला ढकलायचं. “ताई, तुम्ही नुसतं सांगायचं. जोर इंजिन लावेल,” असं भीमराज म्हणाला होता. आणि त्यानं ब्रेक तपासला तो असा, की चप्पल काढली आणि फक्त अंगठ्यानं पेडल दाबलं. अण्णा म्हणाले, अरे नीट दाब की. तर भीमराज म्हणतो, “साहेब, माझ्या पायानं दाबला तर माझ्यासाठी ब्रेक होईल. गाडी ताई चालवणार.”

परवान्याच्या परीक्षेला साहेबांनी पाय बघून मान हलवली. बाईंनी गाडी चालवून दाखवली. साहेबांनी पुन्हा मान हलवली, या वेळी उभी. त्यानंतर तीस वर्षं ती गाडी घाटकोपर, मुलुंड, बोरिवली करत फिरली, एकाही माणसाला आणि कुत्र्याला धक्का न लावता.

मग गेल्या दिवाळीत इंजिन धूर सोडायला लागलं. भीमराज जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा मुलगा प्रितम यानं मालाडला मोठं गॅरेज काढलं होतं, जुन्या गाड्या नव्या करून द्यायचं. काचेचं ऑफिस होतं, भिंतीवर बापाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि गिऱ्हाइकं बोरिवलीपासून वांद्र्यापर्यंतची होती. प्रितमनं गाडी अगदी आपलेपणानं घेतली. “मावशी, पप्पांच्या हातची गाडी आहे. अशी करून देतो की लोक वळून बघतील.” त्यात देवव्रतची भर पडली, त्याला गाडीत थोडा दम हवा होता. दोघांनी मिळून इंजिन तर नवं केलंच, वर त्यात शर्यतीच्या धाटणीचा कॅमशाफ्ट टाकला. इंजिनाच्या झडपा उघडमीट करतो तो हा दांडा. नव्या दांड्यानं झडपा जास्त वेळ उघड्या राहायच्या, पिकअप वाढला, आणि गाडी जागेवर उभी असली की ती गुडगुड-गुडगुड करायची, पोटात काहीतरी शिजत असल्यासारखी. देवव्रत त्या आवाजावर फिदा. प्रितमनं त्याचं रील टाकलं. वॉचमनसुद्धा म्हणाला, “मॅडम, गाडी भारी वाजते.”

बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं की काहीतरी बिनसलंय. ब्रेक कधी लोण्यासारखा, कधी दगड. त्या प्रितमकडे गेल्या. त्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आरे कॉलनीच्या रस्त्यावर नेली आणि परत आणून दिली. “मावशी, ब्रेक एकदम झकास. एका दाबात गाडी उभी.” पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या. पुन्हा आरे, पुन्हा झकास. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा प्रितम खुर्ची ओढून समोर बसला आणि फार हळुवार आवाजात म्हणाला, “मावशी, राग नका मानू. गाडीत काहीच नाही. आता वय पण होतं ना माणसाचं. पायात पहिल्यासारखा जोर राहत नाही.”

तो वाईट मुलगा नव्हता. म्हणूनच ते वाक्य लागलं. बाई घरी आल्या आणि पुढचे दहा दिवस त्यांनी स्वतःच्या पायावर संशय घेतला. आयुष्यभर जगानं घेतला होता, त्यांनी कधी घेतला नव्हता. अकराव्या दिवशी खांब आला.

आता समोर ते पत्र होतं. शुक्रवारी दुपारी बाईंनी चहा केला, पत्र पुन्हा वाचलं आणि न्हाणीघरातला वजनकाटा उचलून आणला. तो भिंतीला टेकवून उभा धरला, खुर्चीवर बसून उजवा पाय त्यावर दाबला. चौदा किलो. व्यायामाच्या डॉक्टर सपना दर जानेवारीत त्यांच्याकडून हेच करून घेतात आणि वहीत लिहितात. बाईंनी वही काढली. यंदा चौदा. गेल्या वर्षी चौदा. त्याआधी साडेतेरा. पाय होता तिथेच होता. उलट अर्धा किलो कमावला होता.

“अस्सं,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतं, पण म्हणाल्या.

मग पाय जर तोच, तर तो कधी हरतो? त्यांनी खांबाची सकाळ आठवली. पार्किंगमधून निघाल्यावर वळणावर एक ब्रेक. शाळेच्या मुलांसाठी दुसरा. गतिरोधकापाशी तिसरा. गेटपाशी चौथा, आणि तो दगड. गाडी सगळा वेळ उतारावरून आपली आपण सरकत होती, इंजिन नुसतं गुडगुडत होतं. त्याआधीच्या आठवणीही तशाच निघाल्या. साकीनाक्याची गर्दी, मरोळचा सिग्नल. पहिला ब्रेक कधीच वाईट नव्हता.

चौतीस वर्षांची नोकरी माणसाला पेन्शनशिवाय काहीतरी देऊन जातेच. बाईंच्या पहिल्या साहेबांचा एक दंडक होता. पाण्याचा दाब मोजायचा तो टाकीपाशी नाही आणि मध्यरात्री सगळे झोपलेले असताना तर नाहीच. सकाळी, सगळ्यांचे हंडे नळाला लागलेले असताना, घाटकोपरच्या टेकडीवर अगदी वरच्या गल्लीत जायचं आणि शेवटच्या नळावर मीटर लावायचा. खाली सगळ्यांना पाणी भरपूर दिसतं. खरं काय ते शेवटच्या नळाला माहीत. बाई त्या नळाच्या बाजूला वही घेऊन कितीदा उभ्या राहिल्या होत्या, आणि टेकडीवरच्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

आणि हा प्रितम दाब मोजायला पहाटे सहाला आरेमध्ये जात होता.

शनिवारी बाईंनी कुर्ल्याच्या स्पेअर पार्टवाल्याकडून व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची ती ओढ, मोजायचा मीटर घेतला. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? “माझ्या पायासाठी,” बाई म्हणाल्या. रिक्षा करून त्या मालाडला पोचल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यांनी मुद्दामच ती वेळ धरली होती. देवव्रतलाही त्यांनी फोन करून तिथं बोलावलं होतं, आणि तो हातात चावी घेऊन गॅरेजच्या दारात घड्याळ बघत उभा होता.

“प्रितम, हा मीटर बूस्टरच्या नळीला जोड. इंजिनाच्या टोकाला नाही, डब्याच्या अंगाला. आणि तोंड आत डॅशबोर्डवर आण, मला दिसलं पाहिजे.”

“मावशी, मी चेक केलंय सगळं…”

“तू तुझ्या पायानं चेक केलंयस. जोड.”

वीस मिनिटं लागली. प्रितमनं ते मुकाट्यानं केलं. बापाच्या ताईला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. मग बाईंनी त्याला चालवायला बसवलं, आपण शेजारी बसल्या, देवव्रतला मागे कोंबलं.

“आरेला जाऊ या?” प्रितमनं विचारलं.

“आरेत पहाटे म्हशीसुद्धा ब्रेक मारत नाहीत. एस. व्ही. रोडला घे. गोरेगावच्या दिशेनं.”

संध्याकाळचे सहा, एस. व्ही. रोड. गाड्या, बस, रिक्षा, हातगाड्या, मधूनच आडव्या पळणाऱ्या बायका. मुंगीच्या पावलानं सगळं चाललेलं. बाई म्हणाल्या, “आता चप्पल काढ.”

“काय?”

“उजव्या पायातली चप्पल काढ. ब्रेक फक्त अंगठ्यानं दाबायचा. बाकीचा पाय जवळ ठेव, लागलाच तर घे. तुझ्या बापानं हा ब्रेक असाच तपासला होता, माझ्यादेखत. माझ्या पायात जोर किती आहे माहितेय? तुझ्या अंगठ्याएवढा. आजवर तेवढाच होता.”

प्रितमनं आरशातून देवव्रतकडे पाहिलं. देवव्रतनं खिडकीबाहेर पाहिलं. प्रितमनं चप्पल काढली.

मोकळी जागा मिळाली तेव्हा गाडी जरा पळाली आणि मीटरचा काटा एकोणीसवर गेला. पुढची रिक्षा थांबली. प्रितमनं अंगठा टेकवला, गाडी अलगद उभी राहिली. “बघा मावशी, लोणी आहे.” काटा पंधरावर आला होता.  गाडी पुन्हा सरकली, इंजिन गुडगुडत, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता. दुसरा ब्रेक. अकरा. प्रितम आता रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघायला लागला. तिसरा. काटा नऊवर आला आणि त्याच्या वर चढेना. अंगठा वाकला, त्यानं दात आवळले, गाडी थांबली ती बसच्या हातभर अलीकडे.

“पुढे घे,” बाई म्हणाल्या.

चौथ्या ब्रेकला अंगठा पेडलवर नुसता घसरला. पेडल हललंच नाही. बसचा मागचा पत्रा काचेत मोठा होत गेला आणि प्रितमनं अख्खा पाय, अख्खी मांडी, कंबर उचलून पेडलवर हाणली. गाडी थांबली. मागे देवव्रतचं डोकं सीटवर आपटलं. मीटरचा काटा सहावर थरथरत होता.

“च्यायला,” प्रितम म्हणाला. मग मावशी शेजारी आहेत हे आठवून, “सॉरी.”

“म्हण, म्हण. मी रोज हेच म्हणत होते. फरक इतकाच की मला वरून मांडीचा जोर लावता येत नाही.”

मागून दुसरी बस हॉर्न वाजवत होती. प्रितमनं गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. त्याचा चेहरा उतरला होता. “कॅम,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “या कॅमनं गाडी स्लोवर असताना ओढच राहत नाही. पळताना डबा भरतो, म्हणून पहिला ब्रेक मस्त. पुढं डबा रिकामा होत जातो, परत भरतच नाही. मावशी, माझ्या लक्षातच नाही आलं. मी दाबला की लागत होता ना.”

“लागणारच. तुझा पाय खालच्या गल्लीतला नळ आहे.”

त्याला ते कळलं नाही. बाईंनी समजावलंही नाही. त्यांनी पर्स घट्ट धरली होती. दहा दिवस. दहा दिवस त्यांनी या दोन पोरांचं ऐकून स्वतःच्या पायाला खोटं ठरवलं होतं.

गॅरेजवर परतल्यावर प्रितम म्हणाला, एक छोटा इलेक्ट्रिक पंप लावतो, तो डबा भरत राहील. आवाजही तसाच राहील.

“आवाज!” देवव्रतचा चेहरा उजळला.

“तुला आवाज हवा तर तोंडानं काढ,” बाई म्हणाल्या. “पंपाची एक वायर सुटली की मी पुन्हा खांबावर. अण्णांच्या गाडीचा जुना कॅम कुठाय? विकलास की काय भंगारात?”

“नाही मावशी. आहे. पप्पा काही टाकायचे नाहीत, मला पण तीच खोड.” माळ्यावरून तेलकट फडक्यात गुंडाळलेला तो दांडा त्यानं स्वतः काढून आणला. “मंगळवारपर्यंत बसवतो. आणि ब्रेक तुम्हीच दाबून बघा, मी हात लावणार नाही.”

“पाय,” बाई म्हणाल्या. “आणि एक काम कर. तुझ्या गॅरेजच्या कागदावर चार ओळी लिहून दे.”

मंगळवारी संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात भाऊंच्या टेबलावर बाईंनी तो कागद ठेवला. देवव्रत बाजूला उभा होता. भाऊंनी चष्मा चढवला, कागद वाचला, आणि हसले. “चला, बरं झालं. गाडी दुरुस्त झाली ना, मग विषय संपला. आम्ही कुठं तुमच्या वाईटावर आहोत? ते पत्र विसरून जा.”

“मी विसरेन. पण तुमच्या फायलीत ते राहणार ना? मी मेल्यावरही राहील. हा कागद त्याला टाचा. आणि एक प्रत बोर्डावर लावा. खांबाला रंग दिलात, आता हेही करा.”

“अहो, बोर्डावर कशाला उगाच…”

“देवव्रत, वाच. मोठ्यानं.”

तिथं मेंटेनन्सची तक्रार घेऊन आलेली चार माणसं बसली होती. देवव्रतनं कागद उचलला.  “‘सदर वाहनाच्या इंजिनात आमच्या गॅरेजने केलेल्या बदलामुळे ब्रेकला मिळणारा व्हॅक्यूम कमी पडत होता. अपघात त्यामुळे झाला. चालिकेने तीन वेळा तक्रार केली होती. आम्ही ऐकले नाही.’” तो थांबला. मग पुढचं त्यानं कागदाकडे न बघता, आत्याकडे बघत म्हटलं, “‘हा दोष आमच्या पायाला कळला नाही. त्यांच्या पायाला कळला.’”

भाऊंनी स्टेपलर ओढला.

बाहेर आल्यावर देवव्रतनं खिशातून चावी काढली आणि पुढे धरली. “मी सही करायला नको होती, आत्या.”

“नकोच होती,” बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला आणखी काही ऐकवलं नाही, पण ‘असू दे’ असंही म्हटलं नाही. चावी घेतली. “बस गाडीत. विलेपार्ल्याला जाऊन भाजी आणू.”

गाडी सुरू झाली. गुडगुड नव्हती. जुना, जरासा कंटाळलेला, सरळ आवाज होता, अण्णांच्या वेळचा. वळणावर पहिला ब्रेक लागला. दिशा नावाची तळमजल्यावरची पोर सायकल घेऊन आडवी आली, दुसरा लागला. गतिरोधकाला तिसरा. उतार संपत आला, नवा पांढरा रंग दिलेला खांब समोर आला, आणि बाईंनी वाळक्या पायाचा चवडा चौथ्यांदा पेडलवर ठेवला. गाडी खांबापासून वीतभर अंतरावर मुकाट उभी राहिली.

बाईंनी शेजारी पाहिलं. देवव्रतनं दोन्ही हातांनी सीट धरली होती, आणि त्याचा धडधाकट उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जीव खाऊन दाबलेला होता.

“तो पाय उचल,” बाई म्हणाल्या. “ब्रेक इकडे आहे.”